आधी क्रम, मग काळ : नागपूरच्या खडकांचे वाचन

नागपूर शहर भूगर्भाच्या एका तिवाट्यावर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची आहे. सह्याद्रीपासून पसरत आलेला दख्खनचा लाव्हा पूर्वेकडे जिथे संपतो, त्या कडेचा हा तुकडा. शहराच्या पूर्वेला गेले की हा काळा पाषाण दिसेनासा होतो आणि पट्टेदार, चकाकत्या कणांचा नाइस जमिनीवर येतो. उत्तरेला कन्हान नदीच्या बाजूने कामठी, सिलेवाड्याकडे वळले की पिवळसर-तांबूस वालुकाश्म लागतो. नाइस शंभर कोटी वर्षांहून जुना, वालुकाश्म सुमारे पंचवीस कोटी वर्षांचा आणि लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा. घोड्यावरून एका दिवसात फिरून येता येईल एवढ्या मुलखात ही तीन युगे शेजारी शेजारी आहेत.

हे आकडे आज सहज लिहिता येतात. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचा सत्तावीस वर्षांचा स्कॉटिश मिशनरी नागपुरात आला, तेव्हा जगात कोणालाही ते ठाऊक नव्हते. कळण्याचा मार्गही नव्हता. तरीही पुढच्या अठरा वर्षांत त्याने या परिसरातील खडकांचे जे वाचन केले, ते आजही उपयोगी पडते. वय माहीत नसताना भूतकाळ कसा वाचला जातो, आणि त्यात काय टिकते व काय चुकते, हे समजून घ्यायला नागपूरइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हिस्लॉप आला तेव्हा नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. इंग्रजांची छावणी कामठीला होती आणि रेसिडेंटचा मुक्काम सीताबर्डीला. हिस्लॉप फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा. त्याने शाळा काढली, मराठी शिकून घेतली, गोंडांच्या भाषेची आणि कथागीतांची टिपणे जमवली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर त्याच्या जोडीला आला. हिवाळ्यात दोघेही गावोगाव प्रचाराच्या दौऱ्यावर निघत. धर्मप्रचाराला फळ थोडेच आले. पण वाटेतल्या नाल्यांच्या दरडी, विहिरींच्या खणतीतून निघालेला मुरूम आणि दगडाच्या खाणी पाहण्याची सवय दोघांना होती, आणि हातोडी सोबत असे.

त्या काळी भूविज्ञानाकडे शस्त्रे मोजकीच होती. पाण्यात साचलेल्या गाळाचा खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा नियम निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये मांडला होता. इंग्लंडात कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथच्या लक्षात आले होते की प्रत्येक थरातील शंख-शिंपले वेगळे असतात आणि त्यावरून दूरदूरचे थर जुळवता येतात. या जोरावर त्याने १८१५ मध्ये इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा छापला. या दोन नियमांनी युरोपातील थरांची एक उतरंड तयार झाली आणि पायऱ्यांना नावे मिळाली. प्रत्येक पायरी किती वर्षांची, हे मात्र कोणीच सांगू शकत नव्हते. किरणोत्साराचा शोध अजून अर्धशतक दूर होता. म्हणजे हातात क्रम होता, काळ नव्हता.

भारतात तर क्रमही नुकताच कुठे लागत होता. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला सर्जन हेन्री व्हॉयसी आणि त्याच्यानंतर माल्कमसन यांनी दख्खनच्या लाव्हात सापडणाऱ्या शंखांची नोंद केली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची सुरुवात १८५१ मध्ये थॉमस ओल्डहॅम कोलकात्यात आल्यावर झाली. सर्वेक्षणाचे पहिले काम कोळसा शोधण्याचे होते. मध्य भारतातला हा मुलूख त्या वेळी दोन हौशी पाद्र्यांच्याच वाट्याला आलेला होता.

पहिला मोठा शोध शहराच्या वेशीवरच लागला. सीताबर्डीच्या वायव्येला टाकळीजवळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक पातळ पट्टा दोघांच्या नजरेस आला. त्यात गोगलगायीच्या जातीचे डाव्या वळणाचे शंख होते. बारकाईने खणल्यावर त्याच पट्ट्यातून माशांचे खवले, फळे, बिया, लाकडाचे तुकडे, भुंगेऱ्यांच्या पाठीची टणक कवचे आणि डोळ्यांना जेमतेम दिसतील असे द्विदल कवचांचे जलजीव निघाले. हिस्लॉपने हे सारे लंडनला पाठवले. तिथे रूपर्ट जोन्सने जलजीवांची आणि अँड्र्यू मरेने भुंगेऱ्यांची वर्णने छापली. मरेने त्यातल्या एका भुंगेऱ्याला हिस्लॉपचे नाव दिले.

या जीवांत समुद्रातला एकही नव्हता. शंख गोड्या पाण्यातले, द्विदल जलजीवही तळ्यातले. म्हणजे लाव्हाचा एक लोट येऊन थंड झाला, त्यावर खळग्यांत पाणी साचून तळी झाली, काठाला झाडे उगवली, पाण्यात मासे आले. आणि मग दुसरा लोट येऊन त्याने ते सगळे झाकून टाकले. दख्खनचे पठार एका दमात झाले नाही, मधे उसंती होत्या, हे या हातभर जाडीच्या गाळाने सांगितले. एरवी दोन लोटांच्या मधल्या काळाचा अंदाज लाव्हाच्या वरच्या भागाची किती माती झाली, एवढ्यावरून बांधावा लागला असता. गाळ असला की त्या काळातले हवापाणी आणि रहिवासी दोन्ही हाती लागतात.

येथे एक अडचण होती, आणि ती गाळाच्या खडकाच्या अभ्यासात नेहमीच येते. खालचे ते आधीचे हा नियम गाळासाठी आहे. वितळलेला खडक मात्र जुन्या थरांच्या खालून, फटींतून घुसू शकतो. मग तो खाली असूनही वयाने लहान ठरतो. तेव्हा टाकळीच्या तळ्याखालचा बेसॉल्ट खरोखर आधीचा की मागाहून आत शिरलेला, हे ठरवायचे कसे? लाव्हा खालून घुसला असेल तर गाळाचा तळ भाजलेला दिसतो. उलट, बेसॉल्ट आधीच उघडा पडून झिजला असेल तर त्याची माती आणि खडे गाळात मिसळलेले असतात. पुढे सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्डने मध्य आणि पश्चिम भारत पालथा घातला तेव्हा हे लोट जमिनीवरच पसरलेले आहेत आणि मधली तळी त्यांच्यावर साचलेली आहेत, हा निष्कर्ष पक्का झाला.

दुसरा धागा उत्तरेकडच्या वालुकाश्मात होता. सिलेवाड्याच्या खाणींतून नागपूर-कामठीच्या बांधकामांसाठी दगड निघे. त्या दगडाचे पापुद्रे सुटत, तेव्हा आत पानांचे ठसे दिसत: लांबट, जिभेच्या आकाराची पाने, मधे ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार बारीक शिरा. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ अडॉल्फ ब्रोंन्यारने १८२८ मध्ये बंगालच्या राणीगंज खाणीतील आणि ऑस्ट्रेलियातील अशाच पानांना ग्लॉसॉप्टेरिस हे नाव दिलेले होते. हिस्लॉपने नागपूरची पाने, छिंदवाड्याच्या उमरेठजवळचा कोळसा आणि बंगालमधील बरद्वानचा कोळसा यांची सांगड घातली. शेकडो मैलांवर विखुरलेले हे थर एकाच मालिकेतले आहेत, असे त्याने ठामपणे मांडले. नागपूरच्या या वनस्पतींचे सविस्तर वर्णन चार्ल्स बनबरीने १८६१ मध्ये छापले.

तिसरा धागा दक्षिणेकडे, वर्धा खोऱ्यातील मांगली गावी मिळाला. तिथल्या लालसर थरात एका रुंद, चपट्या डोक्याच्या प्राण्याची कवटी सापडली. ती रिचर्ड ओवेनकडे गेली. डायनोसॉर हे नाव ज्याने १८४२ मध्ये रूढ केले, तोच हा ओवेन. त्याने मांगलीच्या प्राण्याचे नाव ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स ठेवले. आज आपण त्याला प्राचीन उभयचर म्हणतो: नदी-तळ्यांच्या उथळ पाण्यात दबा धरून राहणारा, बेडूक-सॅलमँडरांचा दूरचा भाऊबंद. विदर्भाच्या मातीतल्या एका प्राण्याला अशा रीतीने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात जागा मिळाली. त्याच नियतकालिकाच्या १८५५ च्या खंडात हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा मोठा निबंध आहे.

या निबंधात क्रम नीट लावलेला होता. तळाशी नाइस, त्याच्या वर पानांचे ठसे असलेला वालुकाश्म, त्याच्या वर लाव्हा आणि लाव्हाच्या मधे गोड्या पाण्यातला गाळ. युरोपच्या शिडीवर या थरांना बसवताना मात्र तोल गेला. पानांचे थर आणि कोळसा ज्युरासिक काळातले असावेत, असा हिस्लॉपचा कल होता. कारण उघड आहे. युरोपच्या कोळशात ग्लॉसॉप्टेरिस नव्हतेच, त्यामुळे तुलनेला हाताशी काहीच नव्हते. शिवाय सिरोंच्याजवळ कोटा येथील चुनखडीत जे मासे सापडले, ते युरोपच्या ज्युरासिक माशांसारखे होते. कोटाचे थर खरोखरच ज्युरासिक आहेत. पण त्यांच्या खालच्या मालिकेचे पाय त्याहून कितीतरी खोल आहेत. याच सुमारास ऑस्ट्रेलियातही तिथल्या कोळशाच्या वयावरून असाच वाद पेटलेला होता. युरोपची उतरंड साऱ्या जगाला लागू पडेल, हे गृहीतच दोन्हीकडे आड येत होते.

हिस्लॉपला हा गुंता सुटलेला पाहायला मिळाला नाही. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्यासोबत तो टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेला होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी परतताना पावसाने भरलेल्या नाल्यात तो बुडाला. वय शेहेचाळिशीला चार दिवस कमी. गोंडांविषयीचे त्याचे कागद टेंपलने १८६६ मध्ये संपादून छापले. नागपुरातल्या महाविद्यालयाला त्याचे नाव मिळाले.

त्यानंतरचा मोठा पुरावा चंद्रपूरच्या बाजूला मिळाला. ओडिशातील तालचेर येथे १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी कोळशाच्या मालिकेच्या तळाशी एक विचित्र थर पाहिला होता. बारीक चिखलात लहानमोठे गोटे वेडेवाकडे रुतलेले. वाहते पाणी वाळू, खडे आणि चिखल निवडून वेगवेगळे टाकते. इथे सगळे एकत्र होते. एवढा गबाळा ऐवज बर्फ वाहून आणतो. उष्ण कटिबंधातल्या भारतात बर्फ, ही कल्पना अनेकांना पचेना. १८७० च्या दशकात सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडनला चंद्रपूरजवळ इरई गावाच्या परिसरात याच गोट्यांच्या थराखालचा जुना चुनखडक उघडा पडलेला दिसला. त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर समांतर ओरखडे होते. हिमनदी आपल्या पोटातले दगड तळावर घासत पुढे सरकते तेव्हाच अशा रेघा उमटतात. आज ज्या जिल्ह्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथली ही नोंद आहे.

आता क्रम पुरता जुळला. सर्वांत खाली हिमनद्यांचा गोटेरी चिखल. बर्फ वितळल्यावर दलदली आणि ग्लॉसॉप्टेरिसची अरण्ये. त्यांच्या गाडल्या गेलेल्या अवशेषांचा कोळसा. त्यावर कामठीचा नदीकाठचा वालुकाश्म, मग मांगलीसारखे लाल थर आणि त्याहून वर कोटाची माशांची चुनखडी. या सगळ्या मालिकेला हेन्री मेडलिकॉटने १८७२ मध्ये गोंडवन असे नाव दिले; गोंड राजांच्या मुलखावरून. वरोरा, वणी, चंद्रपूर, उमरेडच्या खाणींतून निघणारा कोळसा याच मालिकेतला आहे. विदर्भातील औष्णिक वीजकेंद्रांत जळते ते हेच ग्लॉसॉप्टेरिसचे रान.

गोंडवनचे नाव मात्र विदर्भात थांबले नाही. ऑस्ट्रियाचा भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस याच्या लक्षात आले की हिमनद्यांचे गोटे, त्यावर ग्लॉसॉप्टेरिस, त्यावर लाल थर हाच जिना दक्षिण आफ्रिकेत आहे आणि ऑस्ट्रेलियातही आहे. एखादी पानाची जात दोन खंडांवर सापडली तर योगायोग म्हणता येतो. पण संपूर्ण क्रमच जुळला तर तसे म्हणता येत नाही. झ्यूसने १८८५ मध्ये या सगळ्या भूमीला गोंडवनलँड म्हटले. मधली जमीन समुद्रात खचली, असे त्याचे मत होते. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये वेगळा विचार मांडला: जमीन खचली नाही, खंड एकमेकांपासून सरकले.

त्याच वर्षी दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती मरण पावले. त्यांच्या तंबूपाशी पस्तीस पौंड दगड सापडले. उपासमारीत आणि थकव्यातही त्यांनी ते ओढून आणले होते. अल्बर्ट सीवर्डने १९१४ मध्ये त्यातले पान ओळखले. ते ग्लॉसॉप्टेरिस इंडिका होते. भारताच्या नावाची जात अंटार्क्टिकाच्या बर्फात. या झाडांच्या बिया महासागर ओलांडतील इतक्या हलक्या नव्हत्या. खंड सरकतात ही गोष्ट सर्वमान्य व्हायला पुढे अर्धशतक लागले; पण तिच्या बाजूची जी साक्ष होती, तिच्यातला मोठा वाटा गोंडवनच्या थरांचा आहे.

एवढे सगळे वय न कळता झाले, हे ध्यानात ठेवायला हवे. वय कळले ते विसाव्या शतकात, आणि तेही आडमार्गाने. किरणोत्सारावर चालणारे घड्याळ गाळाच्या खडकाला सहसा लागू पडत नाही. वाळूच्या कणाचे वय काढले तर तो कण ज्या मूळ खडकातून झिजून आला त्याचे वय मिळते, वाळू साचल्याचे नाही. घड्याळ लागू होते ते ज्वालामुखीच्या लाव्हाला आणि राखेला. गाळाचे वय त्यांच्या मधे पकडावे लागते. ऑस्ट्रेलियातील कोळशाच्या थरांत राखेचे पट्टे आहेत. त्यांच्या वयावरून आणि जीवाश्मांच्या क्रमावरून आपल्याकडच्या थरांचाही काळ लागला: हिमनद्या सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या, आणि ग्लॉसॉप्टेरिसची अरण्ये पर्मियन काळाच्या अखेरीला, सव्वापंचवीस कोटी वर्षांपूर्वी, संपलेली. हिस्लॉपच्या ज्युरासिकपेक्षा हा काळ कितीतरी मागचा. त्याची तारीख चुकली, क्रमाला धक्का लागला नाही.

टाकळीच्या तळ्याचा प्रश्न अधिक अवघड निघाला. हिस्लॉपने त्याला डायनोसॉरांच्या अंतानंतरच्या इओसीन काळात टाकले होते. ब्लॅनफर्डला ते त्याआधीच्या क्रिटेशस काळातले वाटे. विसाव्या शतकात बिरबल सहानींनी छिंदवाड्याच्या मोहगाव कलानचे ताडवर्गी जीवाश्म, पाणनेचे आणि फळे अभ्यासली आणि इओसीनच्या बाजूने जोरदार मत दिले. निर्णय लागला तो दोन बाजूंनी. लाव्हाचे मोजलेले वय ६.६ कोटी वर्षांच्या आसपास आले. आणि टाकळीच्याच थरातून १९८० च्या दशकात डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे मिळाले. म्हणजे पहिले लोट थंड झाल्यावर, तळी साचल्यावर, त्या काठावर डायनोसॉर वावरत होते आणि अंडी घालत होते. दख्खनचा लाव्हा सुरू होताच ते सगळे संपले, असे सरसकट म्हणता येत नाही, ते या कवचांमुळे. मेक्सिकोत आदळलेली उल्का आणि दख्खनचा लाव्हा यांत दोष कोणाचा किती, ही चर्चा अजून चालू आहे. तिच्यात अशा मधल्या थरांची साक्ष महत्त्वाची ठरते.

हिस्लॉपच्या यादीत आणखी एक गाव आहे: वरोऱ्याजवळचे पिसदुरा. तिथली प्रचंड हाडे त्याने गोळा केली होती. रिचर्ड लिडेकरने १८७९ मध्ये त्यांतील शेपटीच्या मणक्यांना टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी असे नाव दिले. हे थर पहिल्या लाव्हाच्या अगदी खालचे. त्या शेतांत हाडांबरोबर दगड झालेल्या लेंड्याही मिळतात. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लेंड्या विरघळवून त्यातले सिलिकाचे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वनस्पतींच्या पेशींत असे कण तयार होतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कुळ ओळखता येते. या लेंड्यांत गवताचे कण निघाले. डायनोसॉर संपल्यावर गवत आले, असे तोपर्यंत मानले जाई. १८६० च्या आधी ज्या गावाचे नाव एका पाद्र्याने टिपून ठेवले, तिथल्या लेंडीने ती समजूत मोडली. पुढे याच कणांत भाताच्या गटाशी नाते सांगणारे गवतही ओळखले गेले.

हिस्लॉपच्या हयातीत डायनोसॉरच्या आहाराचा प्रश्न कोणी विचारत नव्हते, आणि विचारला असता तर उत्तर काढायचे साधन नव्हते. पण कोणती वस्तू कोणत्या गावी, कोणत्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली मिळाली, हे त्याने लिहिलेले होते. म्हणून नवा प्रश्न घेऊन जुन्या जागी परत जाता आले. त्याचे निष्कर्ष बदलले, नोंदी उपयोगी राहिल्या. ही जागा सुद्धा कायमची नसते. टाकळी आता नागपूर शहरात सामावली आहे. खाणी बुजतात, नाल्यांना काँक्रीटच्या भिंती येतात, आणि ज्या दरडीत क्रम दिसत होता ती दरडच नाहीशी होते. हौसेने उचलून दिवाणखान्यात ठेवलेल्या शंखावरून तो कोणत्या जातीचा एवढे सांगता येते. तो कोणाच्या आधीचा आणि कोणाच्या नंतरचा, हे मात्र तो ज्या थरातून उचलला त्या थरालाच माहीत असते. म्हणून जीवाश्म जपण्याच्या आधी त्यांच्या जागा जपायला हव्यात, आणि ज्या जागा जाणारच आहेत त्यांची मोजमापे जाण्याआधी लिहून ठेवायला हवीत.